ओ देणारा

१

चष्मेवाल्या काकांच्या घरात साहेब एकच होता, आणि तो हिरवा होता.

काका स्वतः साठीला टेकलेले, एकटा जीव सदाशिव. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान आणि दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर राहायची जागा: बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर. साहेब मूळचा थोरल्या भावाचा. दादा म्हातारपणी लेकीकडे राहायला गेला, तिथे नातवाला दमा, पिसांचा भुगा चालणार नव्हता; तेव्हा साहेब पिंजऱ्यासकट धाकट्याच्या गळ्यात पडला. तुला तेवढीच सोबत, असं दादा जाताना म्हणाला. सोबत कसली, साहेबाने आल्या दिवशीच काकांचं बोट फोडलं आणि पुढच्या काही दिवसांत स्वतःच्या छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. छातीवर रुपयाएवढं टक्कल पडलं तेव्हा काकांचं धाबं दणाणलं. त्यांनी पिंजरा रिक्षात घातला आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरीणबाई वयाने लेक शोभाव्यात अशा, पण फटकळ. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोपट जगत नाही म्हणाल्या. सकाळी किसलेलं गाजर, मटार, बी काढलेलं सफरचंद; पाणी दोनदा बदलायचं; बसायच्या दांड्या एकसारख्या गुळगुळीत नकोत, झाडाच्या वाकड्यातिकड्या फांद्या हव्यात, नाहीतर तळपायाला फोड येतात. कोवळं ऊन, अंगावर पाण्याचा फवारा, कुरतडायला लाकूड. संध्याकाळ झाली की पिंजऱ्यावर चादर. नॉनस्टिक तवा घरातून हद्दपार, त्याच्या धुराने पाखरू पटकन मरतं. काका मान डोलवत होते. चष्म्याच्या काचा घासण्यात आयुष्य गेलेलं, बारीक काम त्यांच्या अंगवळणी होतं.

"आणि हे सगळ्यात महत्त्वाचं," बाई म्हणाल्या. "पोपट थव्यातला पक्षी आहे, काका. जो नजरेआड होतो त्याला तो हाक मारतो. ओ आली की त्याला कळतं, सगळे जागेवर आहेत. तुमच्या घरात थवा म्हणजे तुम्ही एकटे. त्याची हाक रिकामी जाऊ देऊ नका. घराबाहेर पडताना सांगून पडा."

आणि छातीतून रक्त आलं तर? काकांनी विचारलं.

"मग मी त्याला तुमच्याकडे ठेवणार नाही. जिथे आणखी पोपट आहेत अशा घरी द्यावं लागेल."

काका घरी आले ते मनाशी ठरवूनच. त्यांनी साहेबाला तळहाताच्या फोडासारखं जपायला घेतलं. तो सोडून जाईल ही कल्पनाच त्यांना सोसेना, आणि याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. दाराला किल्ली लावली की आतून काहीतरी हलायचं, एवढंच खरं तर. पण इतक्या वर्षांत त्या दाराआड कधी काहीच हललं नव्हतं.

ओ देणंही त्यांना जमलं. साहेब दोन सुरांची शीळ घालायचा, खालून वर जाणारी. काका आंघोळीतून, स्वयंपाकघरातून तशीच शीळ घालायचे. पुढचा एक दात पडलेला असल्यामुळे त्यांचा दुसरा सूर फाटायचा, त्यातून थोडी हवा सुटायची. साहेबाला चालत होतं.

जमलं नाही ते एकच, सांगून जाणं. मोकळ्या घरात मोठ्याने "येतो रे" म्हणायची काकांना लाज वाटे. जिन्यातून कुणी ऐकलं तर म्हणायचे, म्हातारा भ्रमिष्ट झाला. म्हणून साहेबाचं तोंड गाजरात असताना ते बूट हातात घेऊन पावलं न वाजवता बाहेर पडत, दार हळू ओढून घेत आणि जिन्यात खाली बसून बूट घालत. एक मजला उतरेपर्यंत वरून पहिली हाक यायची. मग दुसरी. काका पावलं उचलायचे.

२

आधी बदलल्या त्या हाका. सकाळी काका बाहेर पडत आणि वरून एकच शीळ येई, मग शांतता. साहेब रुळला, काकांना वाटलं. जीव भांड्यात पडला.

मग पिसं झडायचे दिवस आले. पोपटाला नवं पीस येतं ते पातळ पांढऱ्या सालीत गुंडाळलेलं. अंगावरची साल तो चोचीने सोलतो, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. थव्यात दुसरा पोपट ते काम करतो. घरात माणसाने बोटांच्या चिमटीत हलकेच चुरून काढायची. साहेबाचं डोकं असं बारीक काट्यांनी भरलं होतं. काकांनी बोट पुढे केलं की तो चोच वासायचा, तेव्हा काट्यांचा मुकुट घालून साहेब तोऱ्यात बसलेले आणि काका लांबून हळहळणारे, असं चाललं होतं.

एका संध्याकाळी काका दुकानातून आले तर साहेबाचं डोकं गुळगुळीत होतं.

ते जवळ गेले. एकही काटा नाही. मानेमागे, कानांमागे, चोचीच्या वरच्या अवघड जागी, सगळीकडे नवी पोपटी पिसं मोकळी होऊन नीट बसली होती. पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेल्या कागदावर पांढरा भुगा होता. एकाच जागी, स्वयंपाकघराकडच्या बाजूला, चिमूटभर.

गजांवर घासलं असेल डोकं, काका स्वतःशी म्हणाले. त्यांनी कागद बदलला, चादर घातली. साहेब डोळे मिटून चोचीवर चोच घासत होता, करकर, करकर. तृप्त पोपट झोपण्यापूर्वी असा आवाज करतो हे बाईंनी सांगितलं होतं. काकांनी तो आवाज आज पहिल्यांदा ऐकला. त्यांना खूप आनंद व्हायला हवा होता.

३

डॉक्टरीणबाई मात्र खूश झाल्या. वजन वाढलेलं, छातीवर राखाडी लव फुटलेली. त्यांनी साहेबाचं डोकं दिव्याखाली धरून पाहिलं.

"डोकं सुरेख साफ केलंत. बोटं हलकी आहेत तुमची."

काका म्हणाले की बहुधा त्याने गजांवर घासलं. बाई हसल्या. गजांवर घासून पिसं मोडतात, म्हणाल्या, साल अशी एकेक करून सुटत नाही. हे कुणीतरी निवांत बसून केलेलं काम आहे. "लाजता काय? पोपटाचे लाड केले म्हणून कुणी हसत नाही."

काकांनी खालच्या मानेने ते कौतुक घेतलं. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं त्यांना झालं, पण खरं सांगावं तर सांगणार काय? घरात दुसरं माणूस नाही. किल्ली एकच, ती त्यांच्या खिशात. रिक्षात साहेब त्यांच्याकडे पाठ करून बसला होता.

त्या आठवड्यात त्यांनी तीनतीनदा खिडक्या तपासल्या. खिडक्यांना गज. स्वयंपाकघरात ओटा, भांड्यांची फळी, एक स्टूल. स्टूल जरा सरकल्यासारखं वाटलं, पण ते कुठे होतं हे कुणी कधी लक्षात ठेवतं? मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणून त्यांनी स्टूल ओट्याखाली ढकललं.

४

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहत. त्यांचं मशीन खिडकीपाशी, तोंडही चालू आणि पायही चालू. पूर्वी साहेबाच्या हाकांनी त्या कावल्या होत्या, दोनदा तक्रारही करून झाली होती. काका झोळी घेऊन जिना चढत होते तेव्हा त्यांनी दारातून हटकलं.

"बरं केलंत भाऊ, हल्ली दुपारचे घरीच असता ते. पाखराने हाक मारली की तुम्ही लगेच ओ देता. किती शांत झालाय तो."

दुपारी आपण दुकानात असतो, ही गोष्ट काकांच्या जिभेवर येऊन परत गेली. झोळी सावरून ते वर चढले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि चोरासारखे स्वतःच्याच दाराशी येऊन उभे राहिले. कान फळीला लावला. आत शांतता. नळाचा एक थेंब. मग साहेबाची शीळ आली, खालून वर जाणारी, स्वच्छ. आणि तिच्यामागोमाग दुसरी. हिचा दुसरा सूर फाटला, त्यातून हवा सुटली.

काकांनी तिथल्या तिथे कपाळावर हात मारला आणि त्यांना हसूच आलं. अरे, पोपट तो! नक्कल करणं हा तर त्याचा धंदा. हाकही तोच मारतो आणि त्यांच्या फाटक्या सुरात ओही तोच देतो. एकटं माणूस नाही का आरशाशी बोलत. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आठवडाभर स्वतःचाच पोपट करून घेतला.

हसत हसत ते जिना उतरले. दुकानात आले, यंत्र सुरू केलं, काच घासायला घेतली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की पहिली शीळ दाराजवळून आली होती, दुसरी स्वयंपाकघरातून. भिंतीवर आपटून आवाज फिरतो, त्यांनी स्वतःला बजावलं. मोकळ्या घरात तर फिरतोच.

पण एक गोष्ट कुठल्याच भिंतीवर ढकलता येईना. साहेब आता काकांना हाक मारत नव्हता. ते आंघोळीला गेले, गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले, तरी बाहेरच्या खोलीतून काही येत नसे. काकांनीच एकदा आंघोळीतून शीळ घातली. साबण डोळ्यांत गेला तरी ते तसेच वाट पाहत राहिले. साहेब गप्प. पूर्वी ज्याची लाज वाटायची तेच ते आता करू लागले: बूट पायांत घालून, दारात उभं राहून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं "येतो रे" म्हणायचे. साहेब मान वळवायचा, पण स्वयंपाकघराकडे. काकांना वाईट वाटायचं. आपल्या घरात आपणच पाहुणे, असं त्यांना वाटू लागलं, आणि पाहुण्याला निदान कुणी बस म्हणतं.

५

मग त्यांनी पिंजरा दुकानात न्यायचं ठरवलं. काचेच्या कपाटांमधे, डोळ्यांच्या तक्त्याखाली साहेबाची जागा केली. कारण सोपं होतं. दिवसभर दोघे एकमेकांच्या नजरेसमोर राहतील, आणि सवयीने का होईना, तो आपला होईल.

गिऱ्हाइकं खूश झाली. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या एका आजोबांनी तक्त्यावरची अक्षरं वाचायची सोडून साहेबाशीच गप्पा मांडल्या. साहेब कुणाशी बोलला नाही. गाजराला तोंड लावलं नाही. घर ज्या दिशेला होतं त्या बाजूच्या कोपऱ्यात तो गजांना चिकटून बसला आणि अधूनमधून शीळ घालत राहिला. काका प्रत्येक वेळी ओ देत होते. हातातलं काम टाकून, पिंजऱ्याला तोंड लावून देत होते. त्यांच्या ओने त्याचं समाधान होत नव्हतं. थोडं थांबून तो पुन्हा हाक मारायचा, आधीपेक्षा जोरात.

दुपारनंतर त्याने छातीवरची नवी लव उपटायला घेतली. काकांनी हात मधे घातला, तो त्याने फोडला. ऊन कलेपर्यंत छाती उघडी पडली होती, आणि एका जागी लाल ठिपका दिसत होता. काकांनी कापूस लावला, पिंजऱ्यावर चादर टाकली आणि दुकान बंद केलं.

जिना चढताना शिवणवाल्या ताई आपल्या दारातच उभ्या दिसल्या, तोंडात टाचणी धरून. टाचणी काढून त्या म्हणाल्या,

"आज पाखराला बरं नाही का, भाऊ? दुपारभर तुम्ही इतक्या शिळा घातल्यात, पण त्याने एकीलाही ओ दिली नाही. शेवटी शेवटी मलाच कसंतरी झालं बघा."

मग त्यांची नजर काकांच्या हातातल्या चादर टाकलेल्या पिंजऱ्याकडे गेली. मग काकांच्या धुळीने माखलेल्या बुटांकडे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

६

काका जिन्याच्या वळणावर थांबले. हातात पिंजरा जड झाला होता. नक्कल, भिंत, गज, एकेक करून सगळी कारणं त्यांनी मनात पुन्हा हाताळून पाहिली. साहेब दिवसभर त्यांच्यासमोर होता. मग नक्कल कुणी केली?

वरून, त्यांच्या कुलूपबंद दाराआडून, शीळ आली.

दोन सूर, दुसरा फाटलेला. तीच शीळ, पण दिवसभर घालून घालून थकलेली. चादरीखाली साहेब फडफडला आणि त्याने ओ दिली, इतकी आनंदाने की पिंजरा काकांच्या हातात हलला. वरून लगेच उत्तर आलं. साहेबाने पुन्हा ओ दिली.

खाली जावं. रिक्षा करावी, डॉक्टरांकडे जावं. त्या छाती बघतील, रक्त बघतील, आणि शब्दाच्या पक्क्या आहेत, साहेब परत मिळणार नाही. दुकानात ठेवावं तर तो स्वतःला टोचून मारील. आणि वर नेला तर जगेल. डोकं गुळगुळीत, वजन वाढलेलं, संध्याकाळी करकर चोच घासत जगेल. काका बराच वेळ तिथे उभे होते. त्यांना भीती वाटत होती आणि हेवाही वाटत होता, आणि दोन्हींतलं जास्त काय हे त्यांना सांगता आलं नसतं.

ते वर चढले.

किल्ली फिरवली तेव्हा आतून काही हललं नाही. खोली जशीच्या तशी होती. वर्तमानपत्र, खुर्ची, खिडकीतून आलेला संध्याकाळचा पिवळा उजेड. त्यांनी पिंजरा टेबलावर ठेवला, चादर काढली आणि का कोण जाणे, त्याचं दार उघडलं. साहेब बाहेर आला. टेबलावरून खुर्चीच्या पाठीवर, तिथून खाली, आणि फरशीवर तुरुतुरु चालत स्वयंपाकघरात गेला. एकदाही मागे पाहिलं नाही.

काका खुर्चीत बसले, कारण उभं राहवेना. तिथून स्वयंपाकघराचं अर्धं दार दिसतं. ओट्याची कड, फळीचा कोपरा, आणि मधली मोकळी जागा.

त्या मोकळ्या जागेत साहेब बसला होता.

त्याच्याखाली काही नव्हतं. स्टूल ओट्याखाली होतं, फळी पलीकडच्या भिंतीला. साहेबाची बोटं कशावर तरी घट्ट आवळलेली होती, काकांपेक्षा जरा बुटक्या माणसाचा खांदा जिथे येईल तेवढ्या उंचीवर, आणि तो अगदी संथपणे वरखाली होत होता. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून जन्म घालवलेला माणूस. त्याला जे दिसत होतं ते नीट दिसत होतं. साहेबाने मान खाली घातली. मानेवरची पिसं एकेक करून विलग होऊ लागली. मधल्या दिवसांत नव्याने आलेले काटे चुरले जात होते, त्यांचा पांढरा भुगा खाली झरत होता. थोडा फरशीवर पडत होता. थोडा मधेच, छातीच्या उंचीवर, थांबून राहत होता.

काकांनी खुर्ची मागे सरकवली. आणखी मागे, भिंतीला टेकेपर्यंत, तिथून दार दिसेनासं होईपर्यंत. त्यांनी डोळे मिटले. आत करकर, करकर असा आवाज सुरू झाला. साहेबाला आता कुणी घेऊन जाणार नव्हतं. छाती भरून येणार होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शीळ आली.

साहेबाची नव्हे. फाटलेली. साहेब तर खांद्यावर बसलेला, त्याला हाक मारायचं कारण नव्हतं. चोच घासायचा आवाजही थांबला नव्हता. हाक आपल्यासाठी आहे, हे काकांना समजलं. ओ द्यायची नाही, ते मनात म्हणाले. काही झालं तरी ओ द्यायची नाही. एकदा दिली की झालं.

थोडं थांबून शीळ पुन्हा आली. घाई नव्हती तिच्यात, रागही नव्हता. जेवायला थांबलेल्या माणसाने, कुठे अडकलास म्हणून विचारावं, तेवढंच. काका भिंतीला पाठ लावून ऐकत राहिले. आई गेल्यापासून या घरात किंवा दुसऱ्या कुठल्याही घरात त्यांना कुणी असं दुसऱ्यांदा हाक मारून विचारलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

शीळ तिसऱ्यांदा आली, थोडी जवळून.

काकांनी ओठ ओले केले.